यात्रिकाचे ओझे

सायकलवरून दूरच्या यात्रेस निघणाऱ्या भाविकाची पहिली परीक्षा आदल्या रात्री घरातच होते. सतरंजीवर सामान मांडलेले असते. दोन जोड कपडे, चादर, पाण्याच्या बाटल्या, जादा ट्यूब, पंप, पाना, औषधांची डबी, रेनकोट, वाटेत खाण्यासाठी दशम्या आणि चटणी. घरातील वडीलधारी मंडळी आणखी एक स्वेटर पुढे करतात. कोणी दुसरी बॅटरी देते, कोणी पूजेचे ताम्हन. प्रत्येक वस्तू देताना एकच वाक्य उच्चारले जाते : "असू दे, लागेल." यातील एकही वस्तू जड नसते. परंतु पहाटे सर्व पिशव्या कॅरिअरला बांधून सायकल उभी केली की पुढचे चाक हलके होऊन डगमगू लागते आणि निघण्यापूर्वीच दंड भरून येतात.

या प्रसंगातून एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मनुष्याने आपल्याबरोबर किती घेऊन निघावे? वरकरणी हा सोयीचा प्रश्न वाटतो. थोडा विचार केल्यास तो धर्माचा प्रश्न आहे हे ध्यानात येते, कारण प्रत्येक ओझे कोणीतरी वाहत असते आणि ते कोण वाहतो यावर त्याची योग्यायोग्यता ठरते.

ओझ्याचे गणित

सायकल हे वाहन प्रामाणिक आहे. मोटारीत दहा किलो सामान वाढले तर चालविणाऱ्यास पत्ताही लागत नाही. सायकलवर मात्र घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब पायांना द्यावा लागतो. सपाट रस्त्यावर हा हिशेब सौम्य असतो. एकदा गती आली की मुख्य विरोध वाऱ्याचा असतो आणि वजन फारसे जाणवत नाही. चढण लागली की चित्र पालटते. सायकल व स्वार मिळून पंचाऐंशी किलो धरले आणि त्यात दहा किलो सामानाची भर घातली, तर तेवढ्याच जोराने तीच चढण चढण्यास सुमारे बारा टक्के अधिक वेळ लागतो. तासाभराची चढण सदुसष्ट मिनिटांची होते.

खोपोलीहून लोणावळ्यास येताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. दहा किलो जादा वजन तेवढे वर नेण्यासाठी शरीरास जी ऊर्जा खर्चावी लागते, ती साधारण अर्ध्या भाकरीतून मिळते. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की मग बिघडले कुठे? अर्धी भाकरी अधिक खावी आणि हवे ते बरोबर न्यावे. परंतु ओझ्याची खरी किंमत भाकरीत मोजता येत नाही. ती गुडघ्यांत उतरते, मनगटांत उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनात उतरते. वजन मागेच लादलेले असेल तर मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात. साखळीच्या बाजूचा स्पोक तुटला तर तो बदलण्यासाठी फ्रीव्हील काढावे लागते आणि आडरानात ते साधत नाही. उतारावर तर चढणीवरचे सारे कष्ट ब्रेकवर येऊन बसतात. जड सायकल उशिरा थांबते. त्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या लेकराचे रक्षण स्वाराच्या इच्छेवर जितके, तितकेच त्याच्या पिशव्यांच्या वजनावर अवलंबून असते.

सायकल किती वाहू शकते हे पाहू गेल्यास मर्यादा फार दूर आहे. १९५४ साली व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या वेढ्याच्या वेळी तेथील सैन्याची रसद हजारो सायकलींवरून डोंगरवाटांनी नेण्यात आली. हँडलला आणि बैठकीच्या नळीला बांबू बांधून, सायकल हाताने ढकलत, एकेका सायकलीवर दोनशे किलो व त्याहूनही अधिक भार नेला गेला. लोखंडाच्या दोन चाकांत एवढे सामर्थ्य आहे. म्हणूनच 'किती नेता येईल' हा निकष यात्रिकाच्या कामाचा नाही. जे शक्य आहे ते सर्व योग्य असते असे नव्हे, हे तर संसारातही पदोपदी अनुभवास येते.

भीतीचे ओझे

दूरवर सायकलने प्रवास करणाऱ्या मंडळींत एक चांगली रीत आढळते. यात्रेहून परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावयाचे : रोज वापरलेले, एकदोनदाच वापरलेले आणि मुळीच न वापरलेले. बहुतेकांचा तिसरा ढीग सर्वांत मोठा निघतो. त्या ढिगाकडे शांतपणे पाहिल्यास आपल्या मनाचा नकाशाच समोर येतो. कोणास थंडीचे भय, कोणास भुकेचे, कोणास चारचौघांत मळक्या कपड्यांनी दिसण्याचे. आपण वस्तू बांधत होतो असे वाटत होते. वास्तविक गाठोड्यात बांधलेली होती ती भीती.

अर्थात तिसऱ्या ढिगातील प्रत्येक वस्तू निरुपयोगी म्हणता येणार नाही. जादा ट्यूब वापरावी लागली नाही म्हणून ती चुकीने घेतली असे होत नाही. जखमेवरची पट्टी न वापरता घरी परत आली, तर ती देवाची कृपाच. सावधपणा आणि भय यांत भेद आहे. सावध मनुष्य घडण्याजोगी अडचण नेमकी ओळखतो आणि तिच्यापुरती तजवीज करतो. भयभीत मनुष्यास अडचण कोणती हे सांगता येत नाही, म्हणून तो सर्व काही बरोबर घेतो. पतंजलींच्या योगसूत्रांत जे पाच यम सांगितले आहेत, त्यांत अहिंसा, सत्य, अस्तेय व ब्रह्मचर्य यांच्या जोडीस अपरिग्रह येतो. अपरिग्रह म्हणजे दारिद्र्य नव्हे. गरज संपली त्या ठिकाणी हात आवरणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. सायकलयात्री हा यम ग्रंथातून शिकत नाही. पहिला घाट त्याला तो शिकवितो. कित्येक यात्री अर्ध्या वाटेवरच्या गावी थांबून निम्मे सामान पोस्टाने घरी पाठवितात आणि पुढच्या चढणीस लागताना त्यांचा चेहरा निराळा दिसतो.

आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी यांचे उदाहरण येथे आठवते. १९६३ सालच्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्या सायकलवरून भारताकडे निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी सायकलचे गिअर काढून टाकले, कारण आशियातील खडबडीत रस्त्यांवर ती नाजूक यंत्रणा टिकणार नाही असा त्यांचा अंदाज होता. जादा टायर त्यांनी वाटेतील ठिकाणी आधीच पाठवून ठेवले. सावधपणा होता, त्याचे ओझे पाठीवर नव्हते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्या दिल्लीस पोहोचल्या आणि पुढे तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी सेवाकार्यात रमल्या. स्वतःसाठी थोडके घेऊन निघालेल्या व्यक्तीचे हात दुसऱ्याचे मूल उचलून घेण्यास मोकळे राहिले.

हलकेपणाचे ऋण

एवढ्यावरून 'जितके हलके तितके श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरेल.

सायकलवरून प्रथम पृथ्वीप्रदक्षिणा करणारे म्हणून थॉमस स्टीव्हन्स यांचे नाव घेतले जाते. २२ एप्रिल १८८४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. सायकल जुन्या धाटणीची, पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी. बरोबर मोजे, एक जादा सदरा, तंबू व अंथरूण दोन्हींचे काम देणारा एक रेनकोट आणि एक लहान पिस्तूल. १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने ते आपल्या देशातूनही गेले. इतक्या अल्प सामानावर त्यांनी जग पालथे घातले याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्याजवळ शिधा नाही तो कोणाच्या तरी चुलीवरचे खातो. ज्याच्याजवळ अंथरूण नाही तो कोणाच्या तरी ओसरीवर निजतो. त्या अनोळखी लोकांनी त्याचे ओझे उचललेले असते. हलक्या यात्रिकाच्या मागे ऋणाची एक लांब यादी असते आणि त्या यादीतील बहुतेक नावे कोठेही लिहिली जात नाहीत.

आजच्या सामूहिक सायकलयात्रांतही हे दिसते. आषाढी एकादशीपूर्वी अनेक गावांहून सायकलस्वारांचे जथे पंढरपुरास जातात. पुष्कळदा त्यांचे सामान मागून येणाऱ्या टेम्पोत असते. पायी दिंड्यांचेही तसेच आहे. वारकरी खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ घेऊन चालतात. तंबू, शिधा आणि वळकट्या दिंडीच्या ट्रकमधून येतात. ही व्यवस्था योग्य आहे. वृद्धांना व अशक्तांना तिच्यामुळेच यात्रा घडते. मात्र सायकलच्या कॅरिअरवर जो यात्री एक सदरा जास्त घेत नाही, तोच टेम्पोत मोठी बॅग टाकताना हात आखडत नाही, असेही घडते. ओझे दृष्टीआड गेले की ते नाहीसे झाले असे वाटू लागते. पहाटे तीन वाजता उठून त्या बॅगा चढविणारा मुलगा आणि मुक्कामी सर्वांच्या आधी पोहोचून त्या उतरविणारा चालक यांना ते वाटत नाही. आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर सरकविण्यास अपरिग्रह म्हणता येणार नाही. जे घ्यावयाचे ते आपण स्वतः त्या घाटातून वर नेणार असतो तर घेतले असते काय, हा प्रश्न टेम्पोत बॅग टाकतानाही विचारावा.

लादलेले ओझे

याहून गंभीर बाब पुढे आहे. सायकलवर जगातील सर्वांत जड ओझी कोण वाहतो? हौशी प्रवासी नव्हे. झारखंडमधील कोळसा खाणींच्या परिसरात आजवर असंख्य माणसांनी सायकलवरून कोळसा वाहून नेला आहे. एका सायकलीवर दोनशे किलो किंवा त्याहून अधिक कोळशाच्या गोण्या रचायच्या आणि तीस-चाळीस किलोमीटर, कधी त्याहूनही लांब, विकावयास न्यायच्या. या सायकलीवर बसता येत नाही. ती ढकलावी लागते. चढणीवर एकट्याने ती हलत नाही, म्हणून दोघे-तिघे मिळून एकेक सायकल वर नेतात आणि पुन्हा खाली येऊन दुसरी घेतात. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात गोड्डा जिल्ह्यातील अशा कोळसा वाहणाऱ्यांचे वर्णन केले, तेव्हा कुठे शहरातील वाचकांस त्यांची ओळख झाली.

या माणसाकडे पाहून 'केवढे हे कष्ट, केवढी ही तपश्चर्या' असे उद्गार काढणारे सज्जन भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, तरी त्या उद्गारात एक चूक आहे. तपश्चर्येत निवड असते. उपवास करणाऱ्याच्या घरात अन्न असते. उपाशी माणसाच्या घरात ते नसते. पोटे दोघांचीही रिकामी, म्हणून दोघांची अवस्था एक ठरत नाही. यात्रिकाने स्वेच्छेने बांधलेले वीस किलो आणि मजुरावर पोटाने लादलेले दोनशे किलो यांना एकाच शब्दाने गौरविणे म्हणजे अन्यायावर फुले वाहण्यासारखे आहे. अशा ओझ्याचा गौरव करू नये. ते हलके कसे होईल ते पाहावे. तीर्थक्षेत्री आलेल्या धनिकाने घाटात अशी एखादी सायकल ढकलणारा माणूस पाहिला आणि मोटार थांबवून क्षणभर मागून हात लावला, तरी त्या दिवसाच्या दर्शनास अधिक अर्थ येईल. आणि त्याने घरी परतून, आपल्या कारखान्यात किंवा शेतात कोण किती उचलतो, त्याला काय मिळते, याची चौकशी केली तर त्याहून अधिक.

स्वेच्छेने घेतलेल्या कष्टांनाही मर्यादा आहे. देवास कष्ट प्रिय असतात अशी समजूत करून घेऊन काही जण मुद्दाम जड सामान घेऊन निघतात, तहान मारतात, सुजलेल्या गुडघ्याने पुढे रेटतात आणि अखेरीस सोबत्यांस त्यांची शुश्रूषा करावी लागते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. हट्टाने स्वतःस पीडा देऊन केलेले तप तेथे तामस गणले आहे. त्याच अध्यायात दानाचेही असेच तीन प्रकार येतात, हे लक्षणीय आहे. ओझे घेणे आणि दान देणे, दोन्हींची परीक्षा एकाच ठिकाणी होते : किती यापेक्षा कोणत्या बुद्धीने.

वाहिलेले ओझे

मग योग्य ओझे कोणते? याचे उत्तर मराठी भाषेनेच देऊन ठेवले आहे. मराठीत ओझे वाहतात आणि देवाला फूलही वाहतात. क्रियापद एकच. जे वाहून न्यावयाचे ते कोणास तरी वाहावयाचे असेल, तर त्याचे वजन निराळे लागते.

चैत्र महिन्यात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर चढविल्या जातात, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. उभ्या चढणीवर माणसे एकमेकांस धरून साखळी करतात आणि जड कावड हातोहात वर जाते. त्या कावडीत वाहणाऱ्याचे स्वतःचे असे काही नसते. नाथांची कथा तर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. काशीहून गंगेचे पाणी कावडीने रामेश्वरास नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांनी पाहिले आणि ते जल त्याच्या मुखी घातले. सोबत्यांना वाटले, एवढे कष्ट वाया गेले. नाथांच्या दृष्टीने कावड तेथेच रामेश्वरास पोहोचली होती. शेकडो कोस वाहिलेले ओझे क्षणात उतरले, आणि ते ज्याला हवे होते त्याच्याजवळ उतरले. या कथेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. नाथ रिकाम्या हातांनी निघाले असते तर त्या गाढवास पाणी मिळाले नसते.

म्हणूनच अपरिग्रहाचे टोक गाठून पिशवी सर्वस्वी रिकामी ठेवणे हेही अंतिम उत्तर नाही. सायकलयात्रेत याचा पडताळा अगदी साध्या प्रसंगी येतो. एखादा यात्री जादा ट्यूब तीन-चार दिवस पिशवीत घेऊन हिंडतो. त्याच्या स्वतःच्या चाकात काटा जात नाही. मग एका उन्हाच्या दुपारी रस्त्याकडेला एक शाळकरी मुलगा आपली सायकल हातात धरून चालताना दिसतो. ट्यूब फाटलेली, गाव आठ किलोमीटरवर. मापे जुळतात आणि ट्यूब त्या मुलाच्या चाकात जाते. घरी परतल्यावर तिसऱ्या ढिगात ती वस्तू नसते. तिचे वजन अवघे पावशेराच्या आसपास, परंतु सर्व सामानात सर्वाधिक सार्थकी तेच लागलेले असते.

मुंबईतील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलवरून जगप्रवासास निघाले. इराण, इराक व सीरियाचे रुक्ष प्रदेश आणि सिनाईचे वाळवंट ओलांडून, युरोप, अमेरिका, जपान आणि चीन असा सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरांचा प्रवास करून त्यांतील तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. निघाले सहा आणि परतले तिघे, या एका गोष्टीतही पुष्कळ सांगितलेले आहे. एवढ्या दीर्घ वाटेवर केवळ सामान वाहून भागत नाही. सोबत्याचा थकवा, त्याचा रुसवा, त्याचे आजारपण हेही वाहावे लागते, आणि आपलेही त्याने वाहिलेले असते. हे ओझे कोणत्याही काट्यावर चढत नाही. याच्यासाठी जागा राहावी म्हणून बाकीचे कमी करावयाचे असते.

ज्याला यात्रेस निघावयाचे आहे, त्याने आदल्या रात्री सतरंजीवर मांडलेल्या प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावेत. ही गरज आहे की भीती? ही मी वाहणार की दुसरा कोणी? आणि वाटेत कोणास लागली तर ही माझ्या हातून सुटेल काय? तिसऱ्या प्रश्नास ज्या वस्तूचे उत्तर 'नाही' असे येते, ती कितीही हलकी असली तरी जड आहे. हेच तीन प्रश्न घरातल्या कपाटास, बँकेतील ठेवीस आणि दानपेटीसमोर उघडलेल्या पाकिटासही विचारता येतात. तेथेही उत्तरे फारशी निराळी येत नाहीत.

पहाट होते. सायकल दारात उभी असते. घरातील आजी अजून एक पिशवी घेऊन बाहेर येतात. यात्री ती उघडून पाहतो, त्यातील स्वेटर नम्रपणे परत करतो आणि दशम्यांची पुरचुंडी मात्र ठेवून घेतो, कारण वाटेत कोणी ना कोणी भुकेले भेटणारच.

सर्व यात्रिकांची वाट सुखाची होवो, आणि ज्यांच्यावर ओझे लादले गेले आहे त्यांचा भार हलका करण्यास पुरेल इतके बळ प्रत्येकाच्या हाती राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.